नवव्या मजल्यावरची म्हैस

म्हैस मी पाहिली होती. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर सांगायला पुन्हा अकरा वर्षं लावेन. मागच्या वेळी लावलीच होती.

गोष्ट सुरू होते १९९४ साली, नारायणगावच्या एसटी स्टँडमागं. तिथं सावळेरामची रसवंती होती. रस बरा असायचा, पण गर्दी रसासाठी नसायची. चरकाच्या शेजारी सावळेरामनं कपाटाएवढं एक व्हिडिओ गेमचं मशीन आणून ठेवलं होतं. एक रुपया टाकायचा, दांडी धरायची आणि एका जाड्या माणसाला जिन्यानं वर न्यायचं. वरून खेकडे पडायचे, कुंड्या पडायच्या, त्या चुकवायच्या. मशीनवरची अक्षरं जपानी होती की चिनी, हे सांगणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्यामुळं आम्ही गेमला 'जिना' म्हणायचो, आणि हातात पिशवी घेऊन एकसारखा जिने चढतो म्हणून त्या जाड्याला 'पावणा'.

मशीनला रोग अनेक होते. व्होल्टेज कमी झालं की खेकडे सावकाश पडायचे. फलाटाला गाडी लागली की पडदा थरथरायचा. मध्येच पावणा भिंतीत अडकला तर सावळेराम चरक सोडून यायचा आणि मशीनच्या डाव्या कुशीत एक ठेवून द्यायचा. पावणा लगेच सुटायचा. हे रोग आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्हाला वाटायचं, गेमच तसा आहे.

सातव्या मजल्याच्या वर कुणी गेलं नव्हतं. सात म्हणजे शेवट, असं सगळे धरून चालले होते.

फेब्रुवारीतली दुपार. मी अकरावीला होतो. त्या दिवशी माझ्या बहिणीला, प्रतीक्षाला बघायला मंचरहून पाहुणे येणार होते, आणि त्यांना स्टँडवरून घरी आणायचं काम वडिलांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी वेळेआधी पोचलो. गाडी यायची होती. म्हटलं, जरा डोकावून यावं.

मशीनवर कुंडलिक होता. शिनोलीचा कुंडलिक, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा, टोमॅटोच्या टेम्पोवर क्लीनर. क्रेट उचलून उचलून त्याचे हात रापलेले, पण दांडीवर बोटं अशी चालायची की बघत राहावं. मी त्याच्या मागं उभा राहिलो. त्याला पत्ता नाही. सावळेराम आमच्याकडं पाठ करून चरकात ऊस घालत होता. बाकी रसवंतीत काळं कुत्रं नव्हतं.

कुंडलिकनं सातवा मजला ओलांडला. आठवा आला. मला घाम फुटला. आठवा ओलांडला. नववा आला, आणि नवव्यावर म्हैस आली.

काळी, चार पायांची, शिंगं असलेली म्हैस. रेडा असेल, गवा असेल, जपानात आणखी काही निघत असेल; पण नारायणगावात तिला म्हैसच म्हणतात. ती आली, जिन्याच्या तोंडाशी थांबली, आणि पुढच्या दोन क्षणांत लाईट गेली.

"म्हैस!" कुंडलिक ओरडला आणि दोन्ही हात वर करून बाहेर धावला. "म्हैस आली! म्हैस!"

आता दैवाची चेष्टा बघा. वारूळवाडीच्या साळुबाईची म्हैस सकाळपासून खरोखरच हरवली होती. साळुबाई दोर घेऊन स्टँडवर चौकशी करत फिरत होती. तिनं हाक ऐकली आणि धावली. तिच्या मागं चार हमाल, दोन कंडक्टर आणि ज्यांना काहीच काम नव्हतं असे साठ-सत्तर लोक धावले.

"कुठाय रं? कुठाय माझी म्हस?" साळुबाईनं कुंडलिकची बंडी धरली.

कुंडलिकनं आनंदानं मशीनकडं बोट दाखवलं. "ह्यात!"

पडदा काळा ठिक्कर. साळुबाईनं पडद्याकडं बघितलं, कुंडलिककडं बघितलं, आणि हातातल्या दोरानंच त्याला दोन दिले.

आणि मी? लाईट गेली तेव्हाच मला पाहुणे आठवले होते. रसवंतीच्या मागच्या फटीतून मी पळालो, पण त्या पळापळीत पाहुणे काही सापडले नाहीत. मंचरचे पाहुणे तासभर उभे राहून, गावात म्हशीमागं पळणारे लोक बघून, विचारत विचारत एकटेच घरी गेले होते. वडिलांनी विचारलं, कुठं होतास? मी म्हणालो, दुसऱ्या गेटला उभा होतो. वडिलांचा हात भारी होता, एक बसली की कानात दुपारपर्यंत शिट्टी वाजायची. मी रसवंतीत होतो हे कळलं असतं तर नुसत्या शिट्टीवर भागलं नसतं. म्हैस बघितली म्हणावं तर रसवंतीत होतो म्हणणं आलं. मी गप्प बसलो.

प्रतीक्षाचं लग्न तिथंच ठरलं, सुखात आहे. माझ्यामुळं कुणाचंच काही बिघडलं नाही. कुंडलिक सोडून.

लाईट परत आली तेव्हा मशीन पहिल्या मजल्यावर होतं. सावळेराम म्हणाला, "माझी पाठ व्हती. पर मशीन माझं हाय. म्हस नाय त्यात." झालं. तेव्हापासून कुंडलिक म्हणजे 'म्हैसवाला'. टेम्पो उभा दिसला की कुणीतरी त्यात कडब्याची पेंढी टाकायचं. लग्नात मित्रांनी आहेर म्हणून म्हशीच्या गळ्यातली घंटा दिली. सुरुवातीला तो भांडायचा. शपथा घ्यायचा. एकदा तर त्यानं रसवंतीवर तीन दिवस सलग खेळून पुन्हा नववा मजला गाठायचा प्रयत्न केला, पण सातव्याच्या वर काही जमलं नाही. पुढं मशीन बिघडलं, सावळेरामनं ते विकलं, आणि पुरावाच संपला.

चेष्टेचं एक वेळ सोडा. २००१ साली कुंडलिकला ओझरच्या रस्त्यावर उसातून बिबट्या निघताना दिसला. त्यानं टेम्पो थांबवून दहा जणांना सांगितलं. लोक पोट धरून हसले. "म्हसच आसंल, नीट बघितली का?" दुसऱ्या दिवशी सावळेरामच्या दोन शेळ्या गेल्या. तरीही लोक म्हणाले, योगायोग. माणसाचा शब्द एकदा वाया गेला की वायाच जातो, आणि त्याचा शब्द वाया घालवणारा मी होतो. मला हे रोज आठवायचं असं नाही. पण आठवायचं तेव्हा जेवण जायचं नाही.

आता तुम्ही विचाराल, मग सांगितलं का नाही? सोपं आहे विचारणं. पहिल्या वर्षी वडिलांची भीती. पाचव्या वर्षी 'मी पाहिली' म्हणायचं म्हणजे 'पाच वर्षं गप्प होतो' हेही म्हणायचं. दहाव्या वर्षी दहा. हे प्रकरण मुदत ठेवीसारखं वाढतच गेलं.

दरम्यान मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, वारूळवाडीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या वस्तू टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम असायचे. तेच, कॅसेट घालायचे, 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम' लिहिलेले आणि आत सात निघणारे. इंटरनेट आल्यावर मला कळलं की परदेशात काही रिकामटेकडे लोक जुन्या मशीनवरचे गेम घरी बसून नव्यानं लिहितात आणि असल्या कॅसेटमध्ये बसवतात. कुणी सांगितलं नाही, कुणी पगार देत नाही, तरी वर्ष वर्ष बसतात. मला ते लोक फार आवडले. आणि मला एक युक्ती सुचली. 'जिना' लिहायचा. नऊ मजल्यांचा. म्हणजे तोंड न उघडता 'म्हैस होती' असं सांगता येईल.

हे मी बायकोला सांगितलं. साक्षीनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"म्हणजे एक वाक्य बोलायला नको म्हणून तुम्ही वर्षभर कॉम्प्युटर बडवणार?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे अहो. जा, शिनोलीला जा आणि सांगून या. दुपारच्या गाडीनं परत याल."

तिचं बरोबर होतं, म्हणून मी चिडलो आणि कामाला लागलो.

मूळ मशीन मिळालं तर नक्कल करता येईल म्हणून शोधलं. ते आणे गावात सापडलं. पठारावरच्या एका घरी त्यात कोंबड्या राहत होत्या. आतली सर्किटं केव्हाच भंगारात गेली होती. पडद्याच्या जागी एक कोंबडी बसली होती आणि नाणं टाकायच्या फटीतून अंडं बाहेर यायचं. आठवणीवरूनच लिहावं लागणार होतं. एकट्याच्या आठवणीचा भरवसा नाही, म्हणून मी जुन्या खेळणाऱ्यांना निरोप पाठवले. २००५च्या मार्चमध्ये दुकानासमोर माझ्यासकट तेहतीस लोक जमले. चहा झाला. आणि आपल्याकडं तेहतीस लोक आणि चहा एकत्र आला की जे होतं तेच झालं. सभा झाली. सावळेराम अध्यक्ष, मी सचिव, आणि रजिस्टर.

ठराव पहिला: पावण्याच्या हातात पिशवीच होती, बादली नव्हती. मंजूर. ठराव दुसरा: तिसऱ्या मजल्यावर वरून वांगी पडत. काहींच्या मते ते जांभळे खेकडे होते. बावीस विरुद्ध अकरा, वांगी मंजूर. ठराव तिसरा: फलाटाला गाडी लागल्यावर पडदा थरथरे, ते गेममध्ये यावे. मी म्हणालो, राव, तो मशीनचा दोष होता. सगळे खवळले. "त्यात तर मज्जा व्हती!" मंजूर. कमी व्होल्टेजचे सावकाश खेकडे, मंजूर. सावळेरामची चापट, म्हणजे दोन्ही बटणं एकदम दाबली की पावणा भिंतीतून सुटणे, टाळ्यांच्या गजरात मंजूर. मूळ गेम ज्यानं केला असेल तो जपानी माणूस हे बघून रडला असता.

मग कुणीतरी म्हणालं, "आन् म्हशीचं काय?"

हशा उसळला. कुंडलिक मागं, टेम्पोला टेकून उभा होता. सगळ्यांनी माना वळवल्या. तोही हसत होता.

"आरं लिवू नका ती," तो म्हणाला. "म्या फेकली व्हती राव तवा. पोरवय व्हतं."

सावळेराम उभा राहिला. "म्हस नव्हती, म्हन्नाऱ्यांनी हात वर करा."

बत्तीस हात वर गेले. बत्तिसावा कुंडलिकचा होता. सावळेरामनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, सचिवाला मत नसतं. हा नियम मी तिथंच, त्याच क्षणी केला. रजिस्टरमध्ये माझ्याच हातानं लिहिलं: 'म्हैस नव्हती. एकमताने मंजूर.' लिहिताना अक्षर बिघडलं. त्या दिवशी मला माझा जेवढा राग आला तेवढा त्या साळुबाईच्या दोराचाही कुंडलिकला आला नसेल.

मी म्हैस काढायला बसलो.

कॅसेटमध्ये गेम भरायचा म्हणजे चिपमध्ये आकडे भरायचे. पुण्याला तापकीर गल्लीतून मी जुन्या चिपा आणल्या होत्या, पाठीवर काचेची खिडकी असलेल्या. चूक झाली की चिप पुसायची, आणि पुसायचं खरं मशीन परवडत नसलं तर उन्हात ठेवायची. आठ-दहा दिवस कडक ऊन लागतं. माझ्या चुका पुष्कळ, त्यामुळं त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर एका चादरीवर कुरडया, एका चादरीवर मिरच्या आणि एका चादरीवर चिपा. साक्षी संध्याकाळी तिन्ही गोळा करायची. एकदा एक चिप कुरडयांच्या डब्यात गेली आणि तळणीतून निघाली. ती मात्र पुन्हा चालली नाही.

जागा फार थोडी होती. वांग्यांनी खाल्ली, थरथरीनं खाल्ली. म्हशीसाठी जेमतेम उरली. ती यावी, थांबावी, एवढंच बसलं. बाकीचं मी सोडून दिलं.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी उद्घाटन ठेवलं. दुकानातला एकवीस इंची टीव्ही बाहेर काढला. तेहतीसच्या तेहतीस आले, शिवाय साळुबाई आली, तिला टीव्ही दुरुस्तीला टाकायचा होता. सावळेरामनं नारळ फोडला आणि पहिला खेळायला बसला. दुसऱ्या मजल्यावर गेला. मशीनचा मालक असून त्याला कधीच खेळता येत नव्हतं, हे तेव्हा कळलं. एकेक जण बसला. तिसऱ्यावर वांग्यांनी चौदा जणांचा बळी घेतला. "काय वांगी टाकल्यात राव, जसं व्हतं तसंच!" लोक खूश. सहाव्याच्या वर कुणी गेलं नाही.

कुंडलिक बसायला तयार नव्हता. "आता हात चालत नाय," म्हणाला. सगळ्यांनी धरून बसवला.

हात चालले. पहिले दोन मजले अडखळला, मग बोटांना सगळं आठवलं. वांगी चुकवली. भिंतीत अडकल्यावर चापट मारली. सातवा मजला ओलांडला तेव्हा बोलणं थांबलं. आठवा ओलांडला. मला सतराव्या वर्षी फुटला होता तसाच घाम पुन्हा फुटला.

नववा आला. म्हैस आली आणि जिन्याच्या तोंडाशी थांबली.

सगळे पडद्याकडं वाकले. मग असा हशा झाला की शेजारच्या पिठाच्या गिरणीतले लोक बाहेर आले. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती.

साळुबाईनं चष्मा पुसून टीव्हीजवळ तोंड नेलं. "हीच व्हय ती? आगं बाई, किती बारकी. ही काय दूध देनार!"

"आरं हे ठरावाच्या इरुद्ध हाय!" सावळेराम ओरडत होता. "एकमतानं मंजूर झाल्यालं हाय! आना रजिस्टर!"

"सचिवानं कुंडलिकची दया केली," कुणीतरी म्हणालं.

कुंडलिकनं गेमचा रिमोट खाली ठेवला. तो हसत होता, पण माझ्याकडं बघत नव्हता.

"काढून टाक ती, प्रबुद्ध," तो हळूच म्हणाला. "तुझं मन चांगलं हाय. पर आता कशाला? लोकं इसारल्यात जमा व्हती."

साक्षी दारात उभी होती. तिनं नुसतं बघितलं, आणि मला कळलं की उन्हाळाभर कॉम्प्युटर बडवून मी कुंडलिकच्या टेम्पोत आणखी एक कडब्याची पेंढी टाकली आहे. मोठी, कष्टानं बांधलेली.

"दया नाही केली," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. मी टीव्ही बंद केला. "दया नाही केली! मी बघितलीय ती. चौऱ्याण्णव साली. मी रसवंतीत होतो, कुंडलिकभाऊच्या मागं."

हशा विरत गेला. "आता ह्योबी," कुणीतरी पुटपुटलं.

कुंडलिकनं मान वर केली. "कशाला खोटं बोलतोस माझ्यापायी?"

"खोटं नाही."

कुंडलिकच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मग अगदी हळू आवाजात, परीक्षेत मास्तर विचारतात तसं त्यानं विचारलं, "आन् थांबल्यावर? थांबल्यावर म्हशीनं काय केलं?"

"बसली," मी म्हणालो. "जिन्यात खाली बसली. मग लाईट गेली. मला तेवढं ह्यात घालता आलं नाही, जागा नव्हती."

बसलेल्या म्हशीबद्दल कुंडलिक कधीच कुणाला बोलला नव्हता. उभ्या म्हशीनं एवढे हाल केले, बसलेली सांगितली असती तर गावानं त्याला जगू दिलं नसतं. साळुबाईनं पदर तोंडाला लावला. सावळेराम रजिस्टर उघडून उभा होता, त्यानं ते मिटलं.

"व्हती म्हनायची मंग," कुंडलिक म्हणाला. "मला वाटाय लागलं व्हतं, म्याच फेकली. समदे म्हनायचे, मीबी म्हनाय लागलो. म्हनून म्हनून मला सोतालाच खरं वाटाय लागलं, की आपुन खोटारडे हाओत." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "तू का रं बोलला न्हाईस तवा?"

"भ्यालो. पाहुण्यांना आणायला गेलो होतो. वडील मारतील म्हणून."

"येवढ्यासाठी?"

मी मान हलवली. तेहतीस लोकांसमोर, माझ्या दुकानाच्या पाटीखाली, अठ्ठावीस वर्षांचा मी.

"येडा का खुळा तू," कुंडलिक म्हणाला. "माझ्याकडं यायचं व्हतंस गपचूप. मी आलो आसतो तुझ्या घरी, म्हनलो आसतो मीच ह्याला वढून नेला. तुझ्या वाटचा मार म्या खाल्ला आसता की."

आणि त्यानं तो खरंच खाल्ला असता.